टिकलीचा गोल आणि पट्टीचा आकडा

मणक्यातल्या पाण्यातून न्यूमोकॉकस (न्यूमोनिया आणि मेनिंजायटिस, म्हणजे मेंदूच्या आवरणांची सूज, आणणारा जंतू) वाढला, ऑक्सॅसिलिन या अँटिबायोटिकच्या टिकलीभोवती १४ मिमीचा गोल आला. नवशिका लगेच लिहून मोकळा होतो: पेनिसिलिन रेझिस्टंट, म्हणजे पेनिसिलिन चालणार नाही. इथेच चुकतं.

डिस्क म्हणजे ६ मिमीची, औषध शोषलेली कागदी टिकली. मेंढीच्या रक्ताच्या लाल प्लेटवर जंतू सारवायचा, टिकली ठेवायची, ३५ अंशाला, ५ टक्के कार्बन डायऑक्साइडमध्ये २० ते २४ तास. दुसऱ्या दिवशी वाढ न झालेलं वर्तुळ मोजायचं. ज्याचा गोल मोठा ते औषध भारी, असं मात्र नाही. प्रत्येक औषध आगरमध्ये, म्हणजे प्लेटमधल्या जेलीत, आपापल्या वेगाने पसरतं. व्हॅन्कोमायसिनचा रेणू थोराड, तो हळूच सरकतो.

पेनिसिलिनसाठी तर टिकलीही पेनिसिलिनची नसते, १ मायक्रोग्रॅम ऑक्सॅसिलिनची असते. गोल २० मिमी किंवा जास्त आला, तर पेनिसिलिन चालेल. १९ किंवा कमी आला, तर टिकलीला काहीच ठरवता येत नाही. मग एमआयसी काढावीच लागते. मेनिंजायटिसच्या नमुन्यात तर पेनिसिलिन आणि सेफ्ट्रिअॅक्सोन या दोन्ही औषधांची एमआयसी काढायचीच असते, गोलावर भागत नाही.

एमआयसी म्हणजे जंतूची वाढ रोखणारं औषधाचं कमीत कमी प्रमाण. ती काढायला प्लेटवर टिकलीऐवजी औषधाची पट्टी ठेवायची; तिच्यावर औषधाची मात्रा चढत जाते. वाढ नसलेला लंबगोल पट्टीला जिथे टेकतो, तो आकडा वाचायचा.

गंमत पुढे आहे. समजा पेनिसिलिनचा आकडा आला ०.५ (मायक्रोग्रॅम प्रति मिली). न्यूमोनियाच्या रुग्णाला इंजेक्शनने पेनिसिलिन द्यायचं, तर २ पर्यंत सेन्सिटिव्ह, म्हणजे चालेल. मेनिंजायटिसमध्ये ०.०६ पर्यंतच सेन्सिटिव्ह, ०.१२ पासून रेझिस्टंट. जंतू तोच, आकडा तोच, निकाल उलटा! कारण रक्तातलं पेनिसिलिन मेंदूभोवतीच्या पाण्यात थोडंच उतरतं. अमेरिकेतल्या सीएलएसआय या संस्थेने हे वेगळे निकष २००८ साली आणले. सेफ्ट्रिअॅक्सोनचंही तसंच: आकडा १ आला, तर फुप्फुसासाठी सेन्सिटिव्ह, मेनिंजायटिससाठी मधलाच, ना सेन्सिटिव्ह ना रेझिस्टंट.

रक्तातून जंतू वाढला, तर रिपोर्टवर दोन्ही निकषांचे निकाल छापतात, कारण रुग्णाला मेनिंजायटिस आहे की नाही हे प्लेटवर दिसत नाही. आणि आमच्याकडे येणाऱ्या चिठ्ठीवर नमुन्यापुढे नुसतं ‘फ्लुइड’ खरडलेलं असतं; मग वॉर्डला फोन लावून आधी विचारावं लागतं, कुठलं फ्लुइड?