बुळकांडी गेली आणि झाडं आली

टांझानियातल्या सेरेंगेटी राष्ट्रीय उद्यानात गेलेला माणूस आधी सिंह शोधतो. सेरोनेरा नदीकाठी छत उघडलेल्या गाडीत उभं राहून तो अकेशियाच्या फांद्या न्याहाळतो, एखादा बिबट्या शेपूट सोडून पहुडलेला दिसेल म्हणून. अकेशिया म्हणजे आपल्या बाभळीचीच भावंडं. बिबट्या दिसो न दिसो, त्या झाडांकडे मात्र जरूर पाहा. त्यांतली पुष्कळशी गेल्या पन्नास-साठ वर्षांतच वाढली आहेत, आणि ती वाढू शकली याचं कारण गुरांच्या एका रोगात आहे.

तो रोग म्हणजे बुळकांडी. गोवराच्या विषाणूचा हा जवळचा नातेवाईक. जनावराला ताप चढायचा, तोंडात व्रण व्हायचे, जुलाब लागायचे आणि थोड्याच दिवसांत गोठेच्या गोठे रिकामे व्हायचे. भारतात या रोगाची दहशत एवढी होती, की गुरांच्या साथींवर संशोधन करण्यासाठी १८८९ मध्ये पुण्यात प्रयोगशाळा काढावी लागली. पुढे ती कुमाऊंच्या डोंगरात मुक्तेश्वरला गेली. तिथं जे. टी. एडवर्ड्स यांनी १९२०च्या दशकात हा विषाणू एका शेळीतून दुसऱ्या शेळीत असा वाढवत नेऊन सौम्य केला आणि त्याची लस बनवली. तीच पद्धत नंतर केनियातल्या प्रयोगशाळेनेही उचलली.

आफ्रिकेत बुळकांडी १८८०च्या दशकाच्या अखेरीस ईशान्येकडून शिरली आणि जेमतेम दहा वर्षांत दक्षिण टोकापर्यंत पोचली. वाटेत कित्येक ठिकाणी दहातली आठ-नऊ गुरं मेली. गुरांवरच जगणाऱ्या मसाई लोकांवर उपासमार ओढवली. रवंथ करणारे रानातले प्राणीही सुटले नाहीत, रानम्हशी मेल्या, वाइल्डबीस्ट म्हणजे कळपानं चरणारी, गाईसारखी दिसणारी मोठी आफ्रिकी हरणंही मेली. पुढची साठ-सत्तर वर्षं रोग तिथंच ठाण मांडून राहिला. वाइल्डबीस्टच्या पिल्लाला आईच्या दुधातून मिळालेलं संरक्षण काही महिन्यांनी ओसरायचं आणि वर्षाचं व्हायच्या आतच ते दगावायचं.

बुळकांडी जंगली जनावरांत दबा धरून असते आणि तिथूनच गुरांकडे येते, असं तेव्हा बऱ्याच जणांना वाटे. मग १९५०च्या दशकाच्या अखेरीपासून उद्यानाभोवतालच्या गुरांना लस टोचायला सुरुवात झाली. १९६३ नंतर वाइल्डबीस्टमधूनही बुळकांडी नाहीशी झाली. त्यांच्यातल्या एकालाही सुई टोचलेली नव्हती! म्हणजे रोगाचं खरं घर गुरांमध्ये होतं आणि रानातल्या कळपांपर्यंत तो गुरांकडूनच येत होता. संपूर्ण परिसंस्थेवर नकळत झालेला इतका मोठा आणि इतका स्पष्ट प्रयोग मला दुसरा माहीत नाही.

विमानातून केलेल्या मोजणीत १९६१ मध्ये सुमारे अडीच लाख वाइल्डबीस्ट होते. १९७७ पर्यंत ते तेरा लाखांवर गेले. तेरा लाख तोंडं गवतावर पडली, तेव्हा उन्हाळी वणव्यांना जळण उरेना. पूर्वी दरवर्षी उद्यानाचा बहुतेक भाग आगीत होरपळायचा आणि झाडांची रोपं गुडघाभर होताहोताच जळून जायची. आता त्यांना ज्वाळांच्या वर डोकं काढायला उसंत मिळाली. खाद्य वाढलं तसे सिंह आणि तरसही वाढले. वणव्यांत धूर होऊन जाणारा कार्बन लाकडात आणि मातीत साठू लागला.

दक्षिणेकडच्या मैदानांवर मात्र आजही मैलोन् मैल झाड नाही, आणि तिथं कारण निराळं आहे. ओल्डोइन्यो लेंगाई आणि त्याचा शेजारी केरिमासी या ज्वालामुखींची राख त्या भागावर थरांनी साचली आहे. लेंगाईचा लाव्हा जगावेगळा, त्याचं तापमान पाचशे-सहाशे अंशांपर्यंतच असतं. आपला सह्याद्री ज्या लाव्ह्यातून घडला, तो हजार अंशांच्या वर तापलेला होता. लेंगाईच्या राखेतले क्षार पावसाच्या पाण्याबरोबर झिरपून खाली दगडासारखा टणक थर तयार झाला आहे. गवताची मुळं त्याच्या वरच भागवतात, पण झाडाला तो भेदता येत नाही. ते आखूड गवत कॅल्शियम आणि फॉस्फरसने समृद्ध असतं, आणि दूध पाजणाऱ्या मादीला नेमकं तेच हवं असतं. म्हणून फेब्रुवारीच्या सुमारास सगळे कळप इथं येतात आणि दोन-तीन आठवड्यांत लाखो पिल्लं जन्मतात. पिल्लू काही मिनिटांत उभं राहतं आणि थोड्याच वेळात आईबरोबर धावूही लागतं. सफारीला जायचंच तर माझ्या मते याच दिवसांत जावं. नदी ओलांडणाऱ्या कळपांचा थरार पाहायला गाड्यांची जी रेटारेटी होते, ती इथं तितकी नसते.

बुळकांडी २०११ मध्ये जगातून हद्दपार झाली. देवीनंतर माणसाने कायमचा संपवलेला हा दुसरा रोग. पण गावातून रानात रोग जाण्याची वाट काही बंद झाली नाही. १९९४ मध्ये कुत्र्यांमधला डिस्टेंपर सेरेंगेटीच्या सिंहांमध्ये पसरला आणि सुमारे एक तृतीयांश सिंह मेले. उद्यानाबाहेरच्या गावांत कुत्र्यांना रेबीज आणि डिस्टेंपरच्या लसी टोचण्याची मोहीम त्यानंतर सुरू झाली. सफारीच्या वाटेवर एखाद्या गावात कुत्र्यांच्या गळ्यात दोरी बांधून मुलं रांगेत उभी दिसली, तर गाडी जरा हळू घ्यायला सांगा.