चित्रातल्या खोलीत उजेड कुठून येतो?

घराच्या अंतर्सजावटीचं संगणकावर केलेलं चित्र समोर आलं की नजर आधी सोफ्याकडे जाते, मग पडद्यांच्या रंगाकडे. या चित्राला व्यवसायात ‘रेंडर’ किंवा ‘थ्रीडी व्ह्यू’ म्हणतात. माझा आग्रह असा की रेंडर तपासताना सोफा आणि पडदे थोडा वेळ बाजूला ठेवावेत आणि पहिला प्रश्न उजेडाचा विचारावा: या खोलीत उजेड येतोय कुठून, किती येतोय आणि शेवटी जातोय कुठे? रेंडर म्हणजे मुळात उजेडाचं गणित. त्यात भरलेले आकडे खरे असतील तर चित्र होऊ घातलेल्या खोलीबद्दल खरं सांगतं. आकडे अंदाजाने ठोकले असतील तर चित्र कितीही देखणं असो, त्याच्या भरवशावर भिंत पाडू नये आणि दिवेही घेऊ नयेत.

हे गणित फार जुनं नाही. कॅमेऱ्यापासून किरण उलट दिशेने सोडायचे, आरशावर पडले की परतवायचे, काचेतून जाताना वाकवायचे, ही पद्धत बेल लॅब्ज या अमेरिकी संशोधन संस्थेतल्या टर्नर व्हिटेड यांनी १९८० साली मांडली. चकचकीत गोळे आणि काचेच्या वस्तू त्यातून सुरेख दिसत, पण घराची खोली काही नीट जमेना. खोलीत टेबलाखाली दिव्याचा किरण थेट पोचत नाही, तरीही तिथे काळोख नसतो. भिंतीवरून, छतावरून, जमिनीवरून उसळून आलेला उजेड तिथे पोचतो. कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी १९८४ साली या उसळत्या उजेडासाठी उष्णतेच्या अभियांत्रिकीतलं गणित उसनं घेतलं. भट्टीच्या आतल्या भिंती एकमेकींना उष्णता कशी देतात हे अभियंत्यांना आधीपासून मोजता येत होतं. तेच समीकरण प्रकाशाला लावलं तेव्हा रंगीत भिंतीची झाक शेजारच्या पांढऱ्या भिंतीवर आपोआप उतरली.

याच गटाने पुढे केलेली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. त्यांनी रंगीत भिंतींचं एक छोटं खोकं खरोखर बनवलं, त्याच्यातला उजेड उपकरणांनी मोजला आणि संगणकाने काढलेलं चित्र त्या खऱ्या खोक्याशेजारी ठेवून लोकांना दाखवलं. दोन्ही दृश्यं जुन्या धाटणीच्या मोठ्या कॅमेऱ्यांच्या मागच्या काचेवर दिसत होती. खरं कोणतं हे पाहणाऱ्यांना खात्रीने सांगता आलं नाही. हा प्रयोग १९८६ साली प्रसिद्ध झाला. रेंडरची टीका कशी करावी याचा उत्तम नमुना तिथेच सापडतो: चित्र खऱ्या खोलीशेजारी ठेवा आणि मोजा.

त्याच वर्षी संगणकचित्रांचे संशोधक जेम्स काजिया यांनी सगळ्या पद्धतींना एका समीकरणात बांधलं. अर्थ साधा आहे. भिंतीवरच्या एखाद्या बिंदूतून आपल्या डोळ्याकडे येणारा उजेड म्हणजे त्या बिंदूचा स्वतःचा प्रकाश (तो दिवा असेल तर), अधिक चहूबाजूंनी त्याच्यावर पडलेल्या उजेडातला परत फिरलेला वाटा. अडचण अशी की चहूबाजूंचा उजेडही तसाच दुसऱ्या बिंदूंवरून आलेला असतो, आणि त्यांचा तिसऱ्यांवरून. हा गुंता थेट सुटत नाही. म्हणून संगणक चित्रातल्या प्रत्येक पिक्सेलसाठी (चित्र ज्या बारीक चौकोनांचं बनतं त्यांतल्या एकेकासाठी) शेकडो किरण यादृच्छिक दिशांना सोडतो आणि आलेल्या उत्तरांची सरासरी काढतो. किरण कमी पडले की चित्रावर वाळू पसरल्यासारखे ठिपके दिसतात. ते निम्मे करायचे तर किरण चौपट लागतात, दहाव्या हिश्श्यावर आणायचे तर शंभरपट. एका चित्राला तासन्‌तास लागतात ते यामुळे. हल्ली ठिपके पुसणारी साधनं मिळतात आणि ती उपयोगी आहेत, पण घाईने वापरली की कापडाची वीण आणि लाकडाच्या रेषाही पुसून टाकतात. पडदा मेणाचा वाटू लागला तर कारण बहुधा हेच असतं.

आता भिंतीच्या पांढऱ्या रंगाकडे येऊ, कारण सगळ्यात मोठी चूक इथे होते आणि ती कुणाच्या लक्षात येत नाही. चांगला पांढरा रंग पडलेल्या उजेडापैकी साधारण ८० टक्के परत करतो. समजा पूर्ण बंद खोली आहे आणि तिची प्रत्येक बाजू ८० टक्के परत करणारी आहे. दिव्यातून निघालेला उजेड एकदा आपटून ८० टक्के उरतो, दुसऱ्यांदा ६४, तिसऱ्यांदा ५१. या सगळ्या उसळ्यांची बेरीज केली तर भिंतींवर पडणारा एकूण उजेड दिव्याच्या मूळ उजेडाच्या ५ पट होतो. भिंती ५० टक्क्यांच्या असत्या तर फक्त २ पट झाला असता. आणि ९० टक्क्यांच्या असत्या तर? १० पट. म्हणजे ८० वरून ९० वर गेलं की तोच दिवा दुप्पट उजेड देतो.

संगणकात रंग ० ते २५५ या अंकांत भरतात. पडद्यावरचे हे अंक उजेडाच्या सरळ प्रमाणात नसतात. अर्ध्यावरचा १२८ हा अंक प्रत्यक्षात केवळ २२ टक्क्यांच्या आसपास उजेड परत करतो. ८० टक्क्यांसाठी २३१ च्या जवळचा अंक लागतो, ९० टक्क्यांसाठी २४३. या बारा अंकांत नजरेला जेमतेम फरक कळतो, पण खोलीचा उजेड दुप्पट होतो. ‘पांढरा म्हणजे पांढरा’ म्हणून कुणी सरळ २५५ भरले, तर भिंती उजेडाचा एक कणही शोषत नाहीत. अशा खोलीत कोपऱ्यांतल्या सावल्या विरतात, छत आणि भिंत जिथे मिळतात ती रेघ फिकट होते आणि सगळं धुक्यात असल्यासारखं सपाट दिसतं. खऱ्या खोलीत जमीन, फर्निचर, पडदे आणि खिडक्या मिळून बराच उजेड गिळतात, म्हणून फरक एवढा टोकाचा होत नाही. तरीही रेंडरमध्ये लख्ख दिसलेली खोली प्रत्यक्षात मंद निघाली, तर संशय आधी या आकड्यावर घ्यावा.

दुसरा संशय दिव्यांवर. भर उन्हात बाहेर १,००,००० लक्सच्या आसपास उजेड असतो (लक्स हे पृष्ठभागावर पडणारा उजेड मोजायचं एकक). रात्री दिवे लावलेल्या बैठकीच्या खोलीत तो १०० ते २०० लक्स असतो. खऱ्या कॅमेऱ्याने खिडकीबाहेरची झाडं स्वच्छ टिपली तर आतला दिवा लावला आहे की नाही हेही धड कळत नाही. छायाचित्रकार म्हणूनच वेगवेगळ्या उजेडमापाची (एक्सपोजरची) छायाचित्रं जोडतात. मग एखाद्या रेंडरमध्ये बाहेर लख्ख ऊन, निळं आकाश आणि त्याच वेळी भिंतीवर दिव्याचे सोनेरी झोत दिसत असतील, तर ते दिवे किती ल्यूमेनचे (दिव्यातून निघणारा एकूण उजेड मोजायचं एकक) धरलेत हे विचारायलाच हवं. जुना ६० वॉटचा बल्ब सुमारे ८०० ल्यूमेन देत असे, ही मोजपट्टी लक्षात ठेवायला सोपी. बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये एककाशिवाय नुसता एक गुणक भरून दिवा हवा तेवढा प्रखर करता येतो, आणि तिथेच गणिताचा हात सुटतो. दिवे बनवणाऱ्या अनेक कंपन्या प्रत्येक दिव्याचा झोत कोणत्या दिशेला किती जातो याची मोजलेली फाइल देतात. ती वापरलेला रेंडर आणि डोळ्यांना बरं वाटेल तसा दिवा वाढवलेला रेंडर यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो.

लपवलेला दिवाही शोधता येतो. कॅमेऱ्याच्या मागे एक अदृश्य प्रकाशफलक ठेवून खोली उजळायची पद्धत सर्रास आहे. खुर्चीच्या पायांच्या सावल्या पाहा. खोलीत एकच खिडकी असेल तर सावल्या तिच्यापासून दूर पडायला हव्यात. त्या खिडकीकडेच झुकलेल्या दिसल्या, तर प्रत्यक्षात नसणारा दिवा चित्रात आहे.

उजेडानंतर कॅमेरा. चित्रातली खोली ऐसपैस दिसते त्याचं श्रेय पुष्कळदा डिझाइनचं नसून भिंगाचं असतं. कॅमेऱ्यातल्या ३६ मिलिमीटर रुंदीच्या चित्रचौकटीवर १८ मिलिमीटर नाभीय अंतराचं (फोकल लेंग्थचं) भिंग लावलं की कॅमेरा ९० अंशांचा कोन पाहतो. ते चित्र ३० सेंटिमीटर रुंद पडद्यावर पाहत असू, तर त्यातली खोली खऱ्या प्रमाणात दिसण्यासाठी डोळा पडद्यापासून १५ सेंटिमीटरवर असायला हवा. तेवढ्या जवळून कुणीच पाहत नाही. हातभर अंतरावरून पाहिलं की मागची भिंत दूर पळते आणि पुढचा सोफा ताणला जातो. २४ मिलिमीटरला हे योग्य अंतर २० सेंटिमीटर होतं, ३५ ला २९. म्हणून रेंडर देणाऱ्याला भिंगाचा आकडा विचारायला संकोच करू नये. कॅमेरा खोलीच्या आत उभा आहे का, हेही विचारावं. संगणकात मधली भिंत अदृश्य करून तो पार शेजारच्या खोलीत नेता येतो, आणि तिथून दिसणारं दृश्य त्या घरात राहणाऱ्याला कधीच दिसणार नाही. मला हा प्रकार मटेरियलमधल्या कोणत्याही चुकीपेक्षा गंभीर वाटतो, कारण त्यामुळे खोलीच्या मापाविषयीच गैरसमज होतो.

मापं तपासायला चित्रातच खुणा असतात. बसायच्या खुर्चीची उंची साधारण ४५ सेंटिमीटर, जेवणाच्या टेबलाची ७५, दार २१० च्या आसपास. जमिनीवर ६० सेंटिमीटरच्या फरशा असतील तर पलंग आणि कपाट यांच्यामधल्या फरशा मोजा. एकच फरशी भरली तर कपाटाचं दार उघडून उभं राहायला जागा नाही, हे तिथल्या तिथे कळेल.

मटेरियलबद्दल थोडक्यात. साध्या काचेच्या एका पृष्ठभागावर समोरून पडलेल्या उजेडापैकी फक्त ४ टक्के परत येतो, पण नजर तिरपी होत गेली की हे प्रमाण झपाट्याने वाढतं. एकोणिसाव्या शतकात ऑगस्टीन फ्रेनेल यांनी मांडलेला हा नियम पॉलिश केलेल्या लाकडाला आणि फरशीलाही लागू आहे. दूरवरची फरशी पायाखालच्या फरशीपेक्षा जास्त चकाकायला हवी. लाकडावरची एकच गाठ ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा दिसत असेल तर चित्राचा तुकडा जोडत नेलाय. ओट्याची कड सुरीसारखी धारदार असेल तरी खटकतं, कारण खरी कड किंचित गोल असते आणि तिच्यावर उजेडाची बारीक रेघ उमटते. या त्रुटी चित्रकाराने सुधाराव्यात हे खरं, पण घर करणाऱ्याचा निर्णय त्यांमुळे सहसा चुकत नाही.

इकिया या फर्निचर कंपनीने २००६ साली आपल्या छायाचित्रांत संगणकावर घडवलेली पहिली खुर्ची घातली आणि काही वर्षांतच वस्तूंच्या बहुतांश प्रतिमा संगणकावर तयार होऊ लागल्या. त्या बदलात कंपनीने छायाचित्रकारांना थ्रीडी शिकवलं आणि थ्रीडीवाल्यांना छायाचित्रण. हा निर्णय मला अगदी योग्य वाटतो. सॉफ्टवेअरची बटणं काही महिन्यांत येतात, उजेड ओळखणारी नजर खऱ्या खोलीत दिवे हलवूनच तयार होते.

आता वाक्य लिहिलं की खोलीचं चित्र बनवणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधनंही आली आहेत. त्यांच्या चित्रात सावल्या पटण्याजोग्या असतात, पण उजेड मोजलेला नसतो, कारण त्या चित्रामागे मापांची खोलीच नसते. कॅमेरा मीटरभर डावीकडे सरकवायला सांगा, खिडकीची रुंदी किंवा कपाटांची संख्या बदललेली सापडू शकते. आवडनिवड ठरवताना, कोणता रंगमेळ भावतो हे बोलताना ही चित्रं कामाची आहेत. सुताराला माप द्यायला नाहीत.

डिझायनरकडून मागायचीच असतील तर मी दोन जादा चित्रं मागेन. एक, रात्रीचं: खिडकीबाहेर अंधार आणि आत फक्त प्रत्यक्षात बसवायचे दिवे, खऱ्या ल्यूमेनसह. दुसरं, सगळ्या वस्तूंना एकच मध्यम राखाडी रंग दिलेलं दिवसाचं चित्र. रंग आणि पोत निघून गेले की त्यात फक्त आकार आणि उजेड उरतो, आणि स्वयंपाकाच्या ओट्यावर वरच्या कपाटाची सावली नेमकी चिरायच्या जागेवर पडतेय हे तिथे पहिल्या नजरेत दिसतं.