राख वितळते तेव्हा

चेंदणी कोळीवाड्यात मावशीच्या पडवीत पेलेटची शेगडी आहे. आंघोळीचं पाणी, गणपतीतल्या मोदकांचा मोठा टोप, पाहुणे आले की कालवण, सगळं तिच्यावर. गेल्या पावसाळ्यात ती धूर ओकायला लागली. "पंखा गेला," मावशीने निकाल दिला. पंखा तर छान फिरत होता. शेगडी उपडी केली तेव्हा मुठीएवढा, काळपट, काचेसारखा चकाकणारा खडा बाहेर पडला. "हा कुणी टाकला आत?" मावशीने आम्हा सगळ्यांकडे संशयाने पाहिलं.

कुणीच टाकला नव्हता. तो शेगडीतच शिजला होता. वीटभट्टीत जास्त भाजून वितळलेल्या विटांना खंगर म्हणतात, त्याचाच हा भाऊबंद.

पेलेट म्हणजे भुसा दाबून केलेल्या, करंगळीपेक्षा बारीक कांड्या. दाबताना लाकडातलं लिग्निन गरम होऊन मऊ पडतं आणि तेच डिंकाचं काम करतं. शेगडीत या कांड्या तापल्या की त्यांच्या वजनाचा बराच मोठा भाग वायू होऊन बाहेर पडतो, आणि आपल्याला दिसते ती ज्वाला त्या वायूची. म्हणून पंख्याची हवा दोन वाटांनी येते: थोडी खालच्या जाळीतून, बाकीची वरच्या कडेच्या भोकांतून. बंगळूरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधनातून आलेली 'ऊर्जा' शेगडी याच तत्त्वावर चालायची. वरची भोकं काजळीने बुजली की वायू न जळताच निसटतो, आणि तोच डोळ्यांत जातो. जाळी खंगराने बुजली तर विस्तव खालून गुदमरतो. मावशीच्या शेगडीत दोन्ही झालं होतं.

आता खड्याचं कोडं. राखेत मुख्यतः सिलिका, कॅल्शियम आणि पोटॅशियम असतं. सिलिका, म्हणजे साधी वाळू, वितळायला १७०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापमान लागतं. घरगुती शेगडी तिथवर जात नाही. मग?

भांड्यांना डाग देणाऱ्याला, म्हणजे सोल्डर करणाऱ्याला विचारा. कथील २३२ अंशांना वितळतं, शिसं ३२७ अंशांना. दोन्ही योग्य प्रमाणात मिसळली तर मिश्रण १८३ अंशांनाच पातळ होतं, दोघांपैकी कुणाहीपेक्षा लवकर. सिलिका आणि पोटॅशियमची संगतही अशीच. ती जमली की ८०० अंशांच्या आतबाहेर राखेला पाझर फुटतो, आणि शेवटी वायू जळून गेल्यावर उरलेला कोळसा धगधगत असताना जाळीजवळ एवढी धग सहज असते. विस्तव निवला की पाझरलेली राख काच होऊन बसते. भाताच्या तुसात राख भरपूर, वजनाच्या १५ ते २० टक्के, पण ती जवळजवळ निव्वळ सिलिका, म्हणून एकटी फारशी वितळत नाही. पोटॅशियम येतं शेतातल्या काडीकचऱ्यातून. शेंगांच्या टरफलांना तर मातीही चिकटलेली असते. स्वस्त पोत्यात हे सगळं एकत्र दळलेलं असतं, आणि मावशीने त्या मोसमात नेमकं स्वस्त पोतं घेतलं होतं.

खंगर शेगडी पूर्ण थंड झाल्यावर उलथन्याच्या टोकाने उचकटायचा. तापलेल्या जाळीवर पाणी ओतून तो फोडायला जाऊ नका, लोखंडच तडकेल. भोकं तारेने मोकळी करायची, पण हलक्या हाताने. ती मोठी झाली तर हवेचा हिशेब चुकतो.

राख मात्र लगेच कचऱ्याच्या पिशवीत टाकू नये. आपल्या आज्या रात्री निखारा राखेत पुरून ठेवायच्या आणि पहाटे फुंकर घालून चूल पेटवायच्या. राख उष्णता धरून ठेवते, म्हणून ते जमायचं. तोच निखारा आज प्लास्टिकच्या डब्यात किंवा व्हॅक्यूम क्लीनरमध्ये गेला तर घराला आग लावेल. झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात, घराबाहेर, निदान एक दिवस ठेवायची.

पण पुढे तीच राख शेगडीत साचू देण्यातही धोका आहे. तिच्यातलं पोटॅशियम कार्बोनेट हवेतली वाफ ओढून घेतं. भांडी घासताना राख तेलकटपणा कापते ती याच खारामुळे. खाडीकाठच्या जुलैच्या हवेत असा ओला खार पत्र्यावर महिनाभर बसला की गंज लागलाच. मावशीच्या शेगडीचं बूड असंच चाळणी झालं होतं. पावसाळ्याआधी राख झटकून, कोरड्या फडक्याने पुसून ठेवली असती तर वाचलं असतं.

आणि थंडी आहे म्हणून ही शेगडी दार लावून खोलीत पेटवू नका. कोळशावरच्या निळ्या ज्वाळा कार्बन मोनॉक्साइडच्या असतात, आणि तो ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून घट्ट रक्ताला चिकटतो. वासही येत नाही.

मावशीने नवं बूड बसवून घेतलं. हल्ली पोतं घेण्याआधी ती नमुन्याची एक किलो पेलेट घरी आणून जाळते आणि राख माशांच्या तराजूत टाकते. चांगल्या लाकडाच्या भुशाची राख किलोमागे दहा ग्रॅमही भरत नाही. परवाची राख सव्वाशे ग्रॅम भरली. मावशीने ती कागदात बांधली आणि तशीच नेऊन दुकानदाराच्या गल्ल्यावर ठेवली.