एका शतांशात मावणारं अंतर

जकार्ता, ऑगस्ट २०१८. आशियाई क्रीडा स्पर्धेत पोहण्याच्या ५० मीटर फ्रीस्टाइल शर्यतीची अंतिम फेरी. कोल्हापूरच्या वीरधवल खाडेने भिंतीला हात लावला तेव्हा घड्याळात २२.४७ सेकंद झाले होते. जपानच्या शुनिची नाकाओचे झाले होते २२.४६. नाकाओला ब्राँझ, वीरधवल चौथा. हळहळ आणखी वाढवणारी गोष्ट म्हणजे प्राथमिक फेरीत वीरधवलने २२.४३ असा राष्ट्रीय विक्रम केला होता. तीच वेळ अंतिम फेरीत लागती, तर पदक त्याचं होतं.

२२.४७ सेकंदांत ५० मीटर, म्हणजे सेकंदाला सरासरी सव्वादोन मीटर. या वेगाने एका शतांश सेकंदात कापलं जाणारं अंतर सुमारे २२ मिलिमीटर भरतं. अंगठ्याच्या रुंदीएवढं.

एवढं अंतर जास्त ताकद लावून भरून काढायचं म्हटलं, तर हिशेब अगदी किरकोळ निघतो. पाण्याचा अवरोध ढोबळमानाने वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग एक टक्का वाढवायचा तर शक्ती तीन टक्के जास्त हवी. पण २२.४७ चं २२.४६ करायला वेग ०.०४५ टक्केच वाढवावा लागतो. शक्ती वाढवावी लागते साडेसातशेत एक भाग! म्हणजे अशा शर्यतीत एक शतांश बहुधा दंडातून जात नाही, तो लहानसहान चुकांतून गळतो.

पहिली गळती डाइव्हनंतर. पाण्यात शिरताना शरीराचा वेग पोहण्याच्या वेगापेक्षा बराच जास्त असतो आणि तो झपाट्याने ओसरतो. वेग जास्त असतानाच पाय मारायला सुरुवात केली, तर हलणारे पायच ब्रेकचं काम करतात. उशीर केला तर वेग हातचा जातो. पृष्ठभागापाशी लाटा उठवण्यात ऊर्जा खर्च होते, अर्धा-पाऊण मीटर खाली ती वाचते. म्हणून तर पाण्याखालून जायचं. अर्थात नियमानुसार १५ मीटरच्या खुणेपर्यंत डोकं पाण्याबाहेर यावंच लागतं.

मधल्या टप्प्यात प्रश्न श्वासाचा. मान वळवली की शरीराची सरळ रेष मोडते, म्हणून ५० मीटरला बरेच जण एकदाच श्वास घेतात किंवा घेतच नाहीत.

खरा घोळ होतो तो शेवटच्या दोन मीटरांत. हात पूर्ण ताणलेला असताना बोटं भिंतीला लागावीत, असा स्ट्रोकचा, म्हणजे हात मारण्याचा, हिशेब जुळला पाहिजे. भिंत वीतभर लांब राहिली की दोनच पर्याय उरतात: हात पुढे ठेवून घसरत जायचं, नाहीतर आणखी अर्धा स्ट्रोक मारायचा. बीजिंग २००८ मध्ये १०० मीटर बटरफ्लायला मिलोराद चाविच घसरत गेला, मायकेल फेल्प्सने अर्धा स्ट्रोक जास्त मारला. निकाल ५०.५९ आणि ५०.५८. बटरफ्लायमध्ये दोन्ही हात एकदम चालतात, म्हणून ही निवड तिथे अधिक ठळक दिसते. फ्रीस्टाइलमध्येही ती करावीच लागते. सरावात यासाठी स्ट्रोक मोजतात. तळाची काळी रेघ भिंतीच्या २ मीटर अलीकडे आडव्या पट्टीने संपते, तो शेवटचा इशारा. तिथे भिंत बघायला डोकं वर काढलं की कंबर खाली जाते आणि अवरोध वाढतो. तळहाताऐवजी बोटांनी, कुशीवर वळून खांदा लांबवत टच केला, की काही सेंटिमीटर फुकट मिळतात. मात्र टच ठाम हवा. भिंतीवरच्या टचपॅडला हात लागला की घड्याळ थांबतं, पण लाटेच्या धक्क्याने ते थांबू नये म्हणून टचपॅडला ठरावीक दाब लागतो. नुसत्या ओझरत्या स्पर्शाने तो दाद देत नाही.

मग घड्याळ सहस्रांशापर्यंत का मोजत नाहीत? एकदा मोजलं होतं. म्युनिक १९७२ मध्ये ४०० मीटर मेडलेला (एकाच शर्यतीत पोहण्याचे चारही प्रकार) स्वीडनच्या गुन्नार लार्सनने अमेरिकेच्या टिम मॅकीला ०.००२ सेकंदाने हरवलं. अंतरात सांगायचं तर सुमारे ३ मिलिमीटर. पण तलाव बांधताना दोन लेनच्या लांबीत याहून जास्त फरक राहू शकतो! म्हणजे पोहणारा हरला की त्याची लेन लांब होती, हे कोण सांगणार? त्यानंतर निकाल शतांशावरच थांबवायचं ठरलं. म्हणून सिडनी २००० मध्ये गॅरी हॉल ज्युनियर आणि अँथनी अर्विन या दोघांनाही २१.९८ वर सुवर्ण मिळालं. हे मला न्याय्य वाटतं.

वीरधवलच्या बाबतीत पदक हुकायला एक शतांश मात्र पुरेसा होता. १६ व्या वर्षी ऑलिंपिकला गेलेल्या या पोराने २०१० मध्ये ग्वांगझूला ५० मीटर बटरफ्लायचं ब्राँझ जिंकलं होतं. खजान सिंग यांच्या १९८६ च्या रौप्यानंतर आशियाई स्पर्धेतलं भारताचं जलतरणातलं ते पहिलंच पदक. पुढे तो महाराष्ट्रात तहसीलदार झाला. जकार्तात तो जवळपास २७ वर्षांचा होता आणि त्या वयातही प्राथमिक फेरीत आयुष्यातली सर्वोत्तम वेळ नोंदवत होता. २०२३ मध्ये गोव्याच्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत ५० मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्ण जिंकून तो निवृत्त झाला. महिलांचं सुवर्ण त्याची पत्नी ऋजुताने जिंकलं.