पाळीआधीची घालमेल: आधी नोंद, मग औषध

पाळीच्या आठ-दहा दिवस आधी राग आवरत नाही, रडू येतं, जगणं नको वाटतं. पाळी आली की दोन-तीन दिवसांत सगळं निवळतं. दर महिन्याला हे सोसणारी बाई बहुतेक वेळा आधी लॅबमध्ये जाते, हॉर्मोन तपासायला. रिपोर्ट नॉर्मल येतो. मग घरचे म्हणतात, 'बघ, काही झालेलंच नाही तुला.'

रिपोर्ट नॉर्मल येणारच. या त्रासाला पीएमडीडी (प्रीमेन्स्ट्रुअल डिस्फोरिक डिसऑर्डर) म्हणतात. या आजारात हॉर्मोनची पातळी चारचौघींसारखीच असते, पण तिच्या चढउतारांनी मेंदू जास्त ढवळून निघतो. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात औषधाने अंडाशयाचं काम थांबवलं, तेव्हा अनेकींचा त्रास गेला. इस्ट्रोजेन किंवा प्रोजेस्टेरॉन पुन्हा दिल्यावर तो परतला. हीच हॉर्मोन्स दिलेल्या, आधी त्रास नसलेल्या बायकांना मात्र काहीच झालं नाही. २०१३ पासून डीएसएम-५ मध्ये (मनोविकारांच्या निदानाचं अमेरिकी पुस्तक) हे स्वतंत्र निदान आहे.

ते पक्कं होतं रोजच्या नोंदीवरून. दुधाचा हिशोब लिहितो तसं कालनिर्णयवर लिहिलं तरी चालेल (भिंतीवर सगळ्यांना दिसायला नको असेल तर वही बरी). रोज रात्री चिडचिड, उदासी, धास्ती, झोप, थकवा यांना १ ते ६ गुण द्या. १ म्हणजे अजिबात नाही, ६ म्हणजे अतिशय. रक्तस्रावाच्या पहिल्या दिवसाला गोल करा. किमान दोन पाळ्या हे चालू ठेवा. आठवड्याची नोंद रविवारी एकदम भरू नका; वाईट दिवसच तेवढे आठवतात.

नोंद बिघडते ती दोन ठिकाणी. वणीच्या गडावर जायचंय किंवा घरात पूजा आहे म्हणून पाळी लांबवायची गोळी घेतली, तर तो महिना धरू नका. नाशिकच्या सातपूर-अंबडला कारखान्यात रात्रपाळी असेल तर तीही लिहा, कारण नुसत्या जागरणानेही चिडचिड वाढते.

पाळीनंतरच्या आठवड्यात १-२ आणि आधीच्या आठवड्यात ५-६ दिसलं, तर पीएमडीडीची शक्यता मोठी. महिनाभर ४ आणि पाळीआधी ६ असेल, तर मुळात नैराश्य किंवा चिंतेचा आजार असू शकतो. त्याचे उपचार वेगळे. थायरॉइड आणि हिमोग्लोबिन मात्र जरूर तपासा.

स्त्रीरोगतज्ज्ञ किंवा मनोविकारतज्ज्ञाकडे, नाशिकला त्र्यंबक रोडच्या सिव्हिल हॉस्पिटलला गेलात तरी, नोंदीची पानं आधी पुढे करा, रिपोर्टची फाइल नंतर. बहुधा फ्लुओक्सेटिन २० मिग्रॅ किंवा सर्ट्रालिन ५० मिग्रॅपासून सुरुवात होते. नैराश्यात या गोळ्यांना काही आठवडे लागतात, इथे काही दिवसांतच फरक पडतो. म्हणून काहींना पाळीआधीचे चौदा दिवसच पुरतात. पाळी अनियमित असेल तर रोज घेणं सोपं. सुरुवातीला मळमळतं, ते सहसा ओसरतं. पूर्वी कधी उन्मादाचा झटका आला असेल तर आधीच सांगा. ड्रोस्पिरेनोन असलेली गर्भनिरोधक गोळी हा दुसरा पर्याय. पण रक्तात गुठळी होण्याचा इतिहास, वाढलेला बीपी किंवा डोळ्यांपुढे चमकणारी अर्धशिशी असेल तर ती नको. मेडिकलवाल्याला विचारून यातलं काहीच घेऊ नका.

मरणाचे विचार येत असतील तर दोन महिने नोंदीसाठी थांबू नका. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं. त्या दिवसांत घरातल्या गोळ्या आणि द्राक्षबागेची फवारणीची औषधं कुलपात ठेवा, आणि किल्ली दुसऱ्या कुणाकडे द्या.