ऑक्सिजन मोजणारा प्रकाश आणि प्रवाह मोजणारा प्रकाश

कपाळावर नाहीतर हातावर चिकटवलेला प्रोब, त्यातून निघालेल्या केबल्स आणि शेजारी स्क्रीनवर सरकणारा आलेख. एनआयआरएस (निअर-इन्फ्रारेड स्पेक्ट्रोस्कोपी, ऊतींमधला ऑक्सिजन मोजणारं) आणि डीसीएस (डिफ्यूज कोरिलेशन स्पेक्ट्रोस्कोपी, रक्तप्रवाह मोजणारं) ही दोन तंत्रं बाहेरून इतकी सारखी दिसतात की दोन्हींबद्दल सर्रास ‘प्रकाशाने रक्तप्रवाह मोजतात’ असं म्हटलं जातं. नेहमीच्या वापरातलं एनआयआरएस प्रवाह मोजतच नाही.

प्रकाश दोघांचा एकाच पट्ट्यातला, साधारण 650 ते 900 नॅनोमीटरचा. या पट्ट्यात हिमोग्लोबिन आणि पाणी दोन्ही प्रकाश कमी शोषतात, त्यामुळे तो त्वचा आणि हाड ओलांडून आत पोचतो, पेशींवर आपटत भरकटतो, आणि त्यातला अगदी थोडा दोन-तीन सेंटिमीटर पलीकडे बाहेर येतो. तो सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर खोलवरची खबर आणतो.

फरक पडतो तो या परतलेल्या प्रकाशाला काय विचारायचं यात. एनआयआरएस विचारतं: कुठल्या रंगाचा किती प्रकाश गळाला? ऑक्सिजन असलेलं आणि नसलेलं हिमोग्लोबिन वेगवेगळे रंग शोषतं, त्यावरून ऑक्सिजनचं प्रमाण निघतं. साध्या एलईडीवरही हे भागतं. प्रकाशाने ऑक्सिजनचा असा अंदाज घेता येतो, हे संशोधक फ्रान्स योब्सिस यांनी 1977 मध्ये दाखवून दिलं.

डीसीएसला रंगाशी फारसं देणंघेणं नाही. त्याला लेझरच लागतो, तोही चांगला सुसंगत, म्हणजे ज्याच्या लहरी एकमेकींशी ताल राखतात असा. असा प्रकाश विखुरला की उजळ-काळ्या ठिपक्यांची नक्षी उमटते आणि लाल पेशी हलल्या की ती लुकलुकते. पेशींची धावपळ जितकी जास्त, तितकी नक्षी लवकर बदलते. हा बदल मायक्रोसेकंदांत मोजायचा, म्हणून एकेक फोटॉन (प्रकाशकण) टिपणारा डिटेक्टर हवा. बोआस, कॅम्पबेल आणि योध या संशोधकांनी 1995 मध्ये याचा पाया घातला.

दोन्ही प्रोब हातावर लावा आणि दंडाला बीपीचा पट्टा बांधून वरच्या बीपीपेक्षा जास्त फुगवा. डीसीएसचा आकडा काही क्षणांत कोसळतो. एनआयआरएसचा मात्र मिनिटागणिक हळूहळू उतरतो, कारण अडकलेल्या रक्तातला ऑक्सिजन स्नायू सावकाश संपवत असतो. पट्टा सोडला की प्रवाह आधीपेक्षाही वर उसळतो.

म्हणूनच नुसत्या ऑक्सिजनच्या आकड्यावर विसंबू नये असं मला वाटतं. तो घसरला तर रक्त कमी पोचतंय की ऊती जास्त खातेय, हे त्यावरून कळत नाही.

डीसीएसही धुतल्या तांदळासारखं नाही. स्नायू आकसला की त्याचे तंतूच सरकतात, आणि ती हालचाल प्रवाह म्हणून मोजली जाते. व्यायाम चालू असताना हे फार सतावतं. शिवाय त्याचा आकडा मिलिलिटरमध्ये नसतो. तो चौरस सेंटिमीटर प्रति सेकंद अशा विचित्र एककातला निर्देशांक असतो, त्यामुळे ‘आधीपेक्षा किती टक्के’ एवढंच भरवशाने सांगता येतं. मेंदूवर संशोधन करणारे बऱ्याचदा दोन्ही तंत्रं एकाच प्रोबमध्ये बसवतात: किती रक्त आलं आणि त्यातला किती ऑक्सिजन काढून घेतला गेला, यांच्या गुणाकारातून मेंदूच्या ऑक्सिजन-खपाचा अंदाज निघतो.