पुरावा तोच, माणूस बदलला की वजन का बदलतं?

समजा वाळवा तालुक्यात उसाच्या फडाजवळ रात्री कुणावर तरी वार झाला आणि सकाळी एका पारध्याच्या पालात कोयता सापडला. मग हा पुरावा भारी का? अहो, ऊसतोडीच्या दिवसात सांगली-साताऱ्यात कोयता नसलेली घरं किती निघतील! पुराव्याचं वजन काढायला दोन प्रश्न लागतात, ह्यानं गुन्हा केला असेल तर ही वस्तू सापडायची शक्यता किती आणि केला नसेल तर किती. दोन्ही उत्तरं सारखीच आली तर तो कोयता काहीच सिद्ध करत नाही, मग तो पालात मिळो नाहीतर पाटलाच्या वाड्यात. पूर्वग्रह असला की दुसरा प्रश्न कोणी विचारतच नाही. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं तर जन्मालाच पुरावा ठरवलं, त्यातून ह्या जमाती सुटल्या ३१ ऑगस्ट १९५२ ला.

इंग्लंडमधली जॉर्ज एदलजीची केस मला ह्यासाठी फार महत्त्वाची वाटते. वडील मूळचे मुंबईचे पारशी, ग्रेट वर्ली गावात पाद्री, जॉर्ज स्वतः वकील. १९०३ मध्ये तिथं रात्री जनावरांची पोटं फाडली जायला लागली आणि संशय गेला काळ्या कातडीच्या ह्या घरावर, पोलिसांना येणारी निनावी पत्रंही जॉर्जच लिहितो असा ठपका आला. घरात वस्तरे सापडले, पण वस्तरे कुठल्या घरात नव्हते तेव्हा? त्यावरचे डाग गंजाचे निघाले. सगळ्यात वाईट म्हणजे जॉर्ज कोठडीत असतानाही जनावरं मारली गेली, ही गोष्ट सरळ त्याच्या बाजूची, तर सरकारी पक्ष म्हणाला की ह्याची टोळी आहे! काहीही घडलं तरी दोषीच ठरणार असेल तर मग पुरावा तोलायचा कशाला? एका तट्टूचं पोट फाडल्याबद्दल शिक्षा झाली सात वर्षं सक्तमजुरी.

तीन वर्षांनी तो सुटला, पण निर्दोष म्हणून नाही. मग शेरलॉक होम्स लिहिणारे आर्थर कॉनन डॉयल त्याला भेटायला गेले, ते डोळ्यांचं शिकलेले डॉक्टर, आणि हा पेपर अगदी डोळ्याला लावून वाचतोय हे त्यांना लांबूनच दिसलं. नंबर निघाला उणे आठ. मिरजेत कुठल्याही डोळ्याच्या डॉक्टरला विचारा, उणे आठला चष्म्याशिवाय साधारण साडेबारा सेंटिमीटरच्या पुढचं सगळं धूसर, आणि हा माणूस म्हणे पावसाळी रात्री अंधारात रेल्वेचे रूळ ओलांडून शेतात गेला, तट्टू फाडलं आणि परत आला. डोळे तर खटल्याच्या वेळीही तसेच होते, तपासायला हवे होते तेव्हाच. १९०७ मध्ये त्याला माफी मिळाली, पण पोलिसांना निनावी पत्रं तोच लिहायचा हा ठपका सरकारनं कायम ठेवला, आणि त्याच कारणानं तीन वर्षांच्या तुरुंगाची भरपाई एक पैसाही दिली नाही.